प्रतिसाद: मूव्ही, फिल्म आणि आमचा पिच्चर

सिनेमा गंभीर असेल तर 'फिल्म', करमणुकीचा असेल तर 'मूव्ही', आणि 'पिच्चर' म्हणणाऱ्याला समज कमी, असं मूळ लेखात म्हटलंय; ही वाटणी मला पटत नाही. शब्द जन्मले तेव्हा त्यांत असा उच्चनीच भाव नव्हता. फिल्म म्हणजे पातळ थर, पापुद्रा. पुढे चित्रं टिपणाऱ्या पट्टीलाच ते नाव पडलं. बोलपटांच्या काळात ती ३५ मिलिमीटरची पट्टी सेकंदाला २४ चौकटींनी पळायची. आज बहुतेक ठिकाणी ती पट्टीच उरली नाही, नाव मात्र राहिलं.

मूव्ही आली 'मूव्हिंग पिक्चर'मधून. अमेरिकेत लोकांनी त्यातला पुढचा तुकडा ठेवला, आम्ही खानदेशात मागचा. "चाल रे, पिच्चर देखाले!" लहानपणी सारंगखेड्याच्या यात्रेत आम्ही तंबूत पाहिला तोही पिच्चर, धुळ्याच्या थेटरात रडून बाहेर पडलो तोही पिच्चरच. माझी आजी भक्तिपटालाही पिच्चरच म्हणायची, आणि पडद्यावर देव आला की हात जोडायची.

म्हणून 'पिच्चर' म्हणणाऱ्याला कमी समज असते, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.