दरवाजा उचलून नेला म्हणजे वाडा वाचला?

नारायणपेठी :
काल एका गृहस्थांची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. शनिवार पेठेतला एक वाडा उतरवला, त्याचा दिंडी दरवाजा (मोठ्या दारात छोटं दार असलेला) त्यांनी विकत घेतला आणि वर काच बसवून जेवणाचं टेबल केलं. सुरूच्या घाटाचे दोन कोरीव खांब बाल्कनीत उभे केलेत, त्यांवर मनीप्लँट चढवलाय. दारावरची गणपती कोरलेली गणेशपट्टी न्यू जर्सीला भावाच्या नव्या घरी जाणार आहे. खाली वाक्य : ‘निदान मी तरी वाड्याचा एक तुकडा वाचवला.’ शेकडो लोकांनी कौतुक केलंय. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

दरवाजा आडवा करून त्यावर जेवायला बसणं म्हणजे वाचवणं नव्हे. त्या दरवाज्याला उंबरठा होता, मागे अडसर सरकवायला भिंतीत खोल भोक होतं. तिन्हीसांजेला मोठी दारं लागत आणि दिंडीतून वाकून आत यावं लागे. आत देवडी, मग चौक. खांब दगडी तळखड्यावर उभा, खांबावर हस्त म्हणजे कोरीव आधार, हस्तावर आडवी तुळई, तुळईवर कड्या म्हणजे बारीक वासे, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या. एकाचा भार दुसऱ्यावर. त्यातला एक तुकडा देखणा म्हणून उचललात, तर बाकीच्याचं काय झालं हे विचारायची तुमची जबाबदारी आहे.

शिवाय ह्या हौसेमुळे पाडणं सोपं झालंय. आमच्या बोळात पहिला वाडा उतरला तेव्हा मालकानं पाडकामाचे पैसे मोजले होते. शेवटचा उतरला तेव्हा ठेकेदारानंच मालकाला पैसे दिले, कारण आत सागवान आणि शिसव होतं. म्हणजे वाडा जितका देखणा, तितका तो पाडण्यात फायदा.

आणि नोंद कुठेच नाही. आमचा वाडा २००९ साली उतरवला. मी नोकरीनिमित्त नाशिकला होतो. दोन वर्षांनी एका रविवारी जुन्या बाजारात आमच्या देवघराची महिरप दिसली. डाव्या पाकळीवर आजीच्या निरांजनाचा काळा डाग होता, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. विकणाऱ्याला विचारलं, कुठली? म्हणाला, ‘राजस्थानी आहे साहेब.’ दीडशे वर्षं नारायण पेठेत असलेली वस्तू दोन वर्षांत राजस्थानी झाली. वाचवणं म्हणतात ते हेच असेल, तर मला ते नको.

पटाशी :
दादा, मी ह्याच धंद्यात आहे. वडील सुतार होते, मी जुनं लाकूड घेतो-विकतो. बावीस वर्षं झाली. तुमचं दुःख कळतं, पण लाकूड कोणी घेतलं नाही तर त्याचं काय होतं ते तुम्ही पाहिलेलं दिसत नाही. मी पाहिलंय. जेसीबी आला की दोन दिवसांत वाडा खाली. खांब मधोमध मोडतात, कोरलेले हस्त मातीत जातात आणि उरलेलं बेकरीच्या भट्टीत. केळफुलांचा अख्खा हस्त मी एकदा सरपणाच्या टेम्पोतून ओढून काढलाय, अजून माझ्या गोडाऊनला आहे, विकला नाही.

हातानं उतरवायला मला बारा माणसं आणि पंधरा-वीस दिवस लागतात. आधी कौलं, मग पाट, मग कड्या. तुळईची टोकं भिंतीत असतात आणि तिथेच पाणी मुरून कुजलेली असतात, त्यामुळे कुठली कधी सुटेल सांगता येत नाही. माझ्या एका माणसाचा पाय त्यात गेला. हे सगळं कोणाच्या पैशावर? टेबल करणाऱ्याच्याच. तो नसेल तर जेसीबी.

आणि सगळं टेबलात जात नाही. वाई-भोरकडच्या गावांत देवळाच्या सभामंडपाचा खांब वाळवीनं गेला, तर तेवढ्या उंचीचा, तेवढ्या जाडीचा जुना सागवानी खांब कुठून आणणार? माझ्याकडूनच जातो. नवं लाकूड दोन पावसाळ्यांत वळतं.

एकच विचारतो. ती महिरप तुम्ही घेतलीत का?

नारायणपेठी :
नाही घेतली.

पटाशी :
का? तुम्हाला तिचं घर माहीत होतं, डागसुद्धा माहीत होता. तुम्ही घेतली असती तर आज ती नारायण पेठेची म्हणून कुठेतरी असती. राजस्थानी तिला त्या विकणाऱ्यानं एकट्यानं केलं नाही.

काळा कोट :
भांडणात पडत नाही, पण त्या न्यू जर्सीबद्दल कोणीतरी बोललंच पाहिजे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात व्याख्येतच ‘इमारतीपासून सुटी केलेली वस्तू’ येते. शंभर वर्षांहून जुनी असेल तर खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. गणेशपट्टी पेशवाईतली नसली, १९१० ची असली, तरीही. देशातल्या देशात व्यापार करायलाही परवाना लागतो. त्या गृहस्थांना कोणीतरी कळवा, सामान कंटेनरमध्ये चढायच्या आत. आणि पटाशी, तुमच्या गोडाऊनमधल्या कोरीव वस्तूंची कागदपत्रं एकदा नीट तपासून घ्या, हे रागानं नाही, काळजीनं सांगतोय.

तीन गुंठे :
कायदा, कला, हळहळ, सगळ्यांचं सगळं झालं. मालकाला कोणी विचारलं? माझा वाडा आहे, अजून उभा आहे, तीन गुंठ्यांत. अकरा भाडेकरू. १९४७ च्या कायद्यानं भाडं १९४० सालच्या पातळीवर गोठवलं. १९९९ चा कायदा आला, त्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली. अठरा रुपयांवर चार टक्के म्हणजे बहात्तर पैसे! पंचवीस वर्षं दरवर्षी वाढवत नेलं तरी त्या अठराचे पन्नास होत नाहीत. एका कौलाच्या दुरुस्तीला गवंडी जेवढा चहा पितो, तेवढंही महिन्याचं भाडं येत नाही. वर धोकादायक इमारतीची नोटीस माझ्या नावानं येते, भाडेकरूंच्या नावानं येत नाही. नवीन बांधायचं तर बाजूला मोकळी जागा सोडून तीन गुंठ्यांत उरतं काय?

नारायणपेठी, २००९ च्या कागदावर तुमची सही होती का?

नारायणपेठी :
होती. भावकीत सात सह्या होत्या, त्यात माझी. लपवत नाही.

खोली नंबर ७ :
तीन गुंठे, दुसरी बाजूही ऐका. आमच्या तीन पिढ्या एका खोलीत आणि अर्ध्या पडवीत गेल्या. भाडं कमी होतं, मान्य. पण आजोबांनी पागडी दिली होती, ती त्या काळात लहान रक्कम नव्हती. गळती झाली की ताडपत्री आम्ही आणायची. चुना आम्ही लावायचा. संडास दुरुस्त केला तो आम्ही, वर्गणी काढून. मालक राहायला कर्वेनगरला, वर्षातून एकदा पावत्या फाडायला यायचे. वाडा मोडकळीला यायची वाटच बघत होते असं आम्हाला वाटायचं, आणि मला आजही तसंच वाटतं.

तीन गुंठे :
पावती फाडायला यायचे म्हणजे उपकार मागायला यायचे ताई. पागडीची गोष्ट काढलीत तर हेही सांगा की मधे किती खोल्या परस्पर दुसऱ्यांना दिल्या गेल्या आणि त्या पागडीतला हिस्सा मालकाला किती मिळाला. आमच्याकडे तीन खोल्यांना वर्षानुवर्षं कुलूप आहे. भाडेकरू कोथरूडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि खोली सोडत नाहीत, कारण नव्या इमारतीत जागा मिळेल. त्या बंद खोल्यांतच वाळवी लागली आणि तिथूनच माझी तुळई गेली.

खोली नंबर ७ :
सगळ्यांना एका मापात घालू नका. आम्ही तिथेच राहत होतो, शेवटच्या दिवसापर्यंत. करारात जागा कबूल झाली, सहा वर्षं झाली, आम्ही भाड्याच्या घरात आहोत आणि तिथे अजून खड्डाच आहे.

आणि विषय वस्तूंचाच आहे ना? मग सांगते. आमच्या चौकातल्या दाराला गणेशपट्टी होती. माझ्या आजीनं, मग आईनं, मग मी, दर चतुर्थीला तिला शेंदूर लावला. साठ-पासष्ट वर्षं. शेंदराचा थर बोटभर जाड झाला होता. दर दिवाळीच्या आधी दाराला तेलपाणी आम्ही करायचो. वाडा रिकामा झाला त्या दिवशी मी मालकांना म्हटलं, ती पट्टी मला द्या, पैसे देते. म्हणाले, लाकडाचा सगळा व्यवहार ठेकेदाराशी झालाय. ठेकेदार म्हणाला, शेंदूर खरवडून बघू आत कोरीव काम किती आहे, मग भाव सांगतो. मी तिथून निघून आले. ते खरवडणं मला बघवलं नसतं.

तीन गुंठे :
वाईट वाटलं वाचून. खरंच. पण कायद्यानं पट्टी मालकाचीच.

खोली नंबर ७ :
पट्टी मालकाची असेल. गणपती कोणाचा होता ते सांगा.

काळा कोट :
ह्याला कलम नाही. भिंतीत, चौकटीत पक्कं बसवलेलं ते इमारतीचं, म्हणजे मालकाचं. पण करार करताना ‘अमुक वस्तू अमुक माणसाला’ असं एक वाक्य घालायला कोणाची ना नसते. पार्किंग आणि कार्पेट एरियावर महिनोनमहिने भांडतात, देवघराचा उल्लेख कोणी करत नाही.

गोखलेनगर :
मी वयानं तुमच्यात मोठा असेन. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमचा वाडा नदीच्या अंगाला. मातीच्या भिंती विरघळल्या आणि पाणी ओसरल्यावर मुख्य दाराची चौकट तेवढी उभी, दोन्ही बाजूंना काही नाही. वडिलांनी ती उतरवून घेतली. पुढे पूरग्रस्त म्हणून इथे गोखलेनगरला घर मिळालं तर छत बुटकं, चौकट मावेना. वडिलांनी सुतार बोलावून ती खालून नऊ इंच कापली. कापताना ते आत जाऊन बसले होते. त्या चौकटीतून माझ्या दोन्ही मुली सासरी गेल्या. कापलेली आहे, दुसऱ्याच घराला लावलेली आहे, आणि आमच्या घरची तीच आहे. नारायणपेठी, तुम्ही म्हणता वस्तू जागेवरून हलली की संपली. माझं म्हणणं, वापरणारा कोण त्यावर ते आहे.

नारायणपेठी :
काका, तुमच्या चौकटीला मी नावं ठेवूच शकत नाही. ती चौकट दारालाच आहे आणि तिचं गाव तुम्हाला पाठ आहे. माझा राग ज्यांना पाठ नाही त्यांच्यावर आहे.

फोंड्याची :
गोव्याची बाजू सांगते. आमच्याकडे जुन्या घरांना शिंपल्यांच्या खिडक्या असतात, काचेऐवजी चौकोनी कापलेले पातळ शिंपले पट्ट्यांत सरकवलेले. त्या शिंपल्यांना आता वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, नवे काढता येत नाहीत. माझ्या माहेरच्या खिडकीतले चाळीस शिंपले फुटले होते, ते दुसऱ्या गावातल्या पडलेल्या घराच्या खिडकीतून आणले. ते घर पडलंच होतं. त्याचे शिंपले कोणी काढून ठेवले नसते, तर आमच्या खिडकीला आज प्लायवूड असतं. माझ्या मते मोडणाऱ्या घरातलं उभ्या घराला जावं, हा पहिला हक्क. टेबलवाल्यांनी रांगेत शेवटी उभं राहावं.

पटाशी :
ताई, लाख बोललात. पण उभ्या घराचा मालक भाव पाडून मागतो आणि टेबलवाला मागेल ती किंमत देतो. मलाही माणसांचे पगार द्यायचे आहेत.

वाचनमात्र होतो :
दिनकर केळकरांचं नाव अजून निघालं नाही ह्याचं आश्चर्य वाटतं. त्यांनी गावोगाव फिरून दरवाजे, खिडक्या, दिवे, अडकित्ते गोळा केले, वीस हजारांवर वस्तू जमवल्या, मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि सगळं सरकारला देऊन टाकलं. कोथरूडचा मस्तानी महाल तिथे आणून उभा केलाय. नारायणपेठींच्या न्यायानं हेही चूक? आणि उडुपीजवळ मणिपालला विजयनाथ शेणॉय यांनी तर घरंच्या घरं उतरवून पुन्हा उभारली.

नारायणपेठी :
केळकरांच्या पंगतीला त्या टेबलाला बसवू नका. त्यांनी घेतलं ते सगळ्यांना बघायला मिळावं म्हणून. मणिपालला घर पुन्हा घर म्हणून उभं आहे. टेबल त्यांच्या पाहुण्यांपुरतं आहे.

पण पटाशींच्या प्रश्नावर दोन दिवस विचार करतोय. महिरप मी घेतली नाही, कारण माझ्याच देवघराची वस्तू विकत घ्यायची लाज वाटली, आणि त्या कागदावर सही होती म्हणून जास्त वाटली. चूक माझी. ज्यांना ओळख होती त्यांनी सोडलं आणि ज्यांना नव्हती त्यांनी उचललं, एवढं मी मान्य करतो. त्यापुढे नाही. आहे त्या जागी फोटो, मापं आणि नंबर झाल्याशिवाय एक खुंटीसुद्धा सुटू नये, ह्यावर मी ठाम आहे.

पटाशी :
नंबरांचं काय सांगता, ते जुन्या लोकांनी घालूनच ठेवलेत. खांब तळखड्यावरून उचलला की बुडाला सुतारानं पटाशीनं (छिन्नीनं) मारलेल्या रेघा दिसतात. एक, दोन, तीन. हस्ताच्या कुशीवर तेवढ्याच. कुठला कुठे बसवायचा ह्याच्या खुणा. सुटं करताना त्या जपल्या तर वाडा कागदावर पुन्हा लावता येतो. मी जपत नव्हतो, बूड कुजलेलं म्हणून सरळ कापून टाकायचो. कितीतरी कापली.

तीन गुंठे :
आमचा दिवाळीनंतर रिकामा होतोय. करार झालाय, आता मागे फिरणं नाही, त्यावर मला कोणी उपदेश करू नका. पण पाडायच्या आधी आठ दिवस मी देऊ शकतो. मापं घ्यायची तर या. भाडेकरूंनाही विचारतो कोणाला काय हवंय. बंद खोल्यावाल्यांना विचारणार नाही.

खोली नंबर ७ :
विचाराल तेव्हा ठेकेदाराला समोर उभं करून विचारा, आणि लिहून घ्या.

नारायणपेठी :
मी येतो. टेप, कॅमेरा, खडू आणतो.

पटाशी :
खडू नको. धुरकट लाकडावर उठून दिसतो, पण एका सरीत जातो. पत्र्याचे बिल्ले आणा, नंबर ठोकलेले, बारीक खिळ्यांनी मारायचे. प्रत्येक जोडाला दोन, एक वरच्याला आणि एक खालच्याला. अंदाजे चारशे लागतील.