प्रतिसाद: ढोंग पाहून ‘ख्रिस्ती’ हे नाव टाकून द्यावे का?

मंडळीतील, म्हणजे चर्चच्या समुदायातील, ढोंग पाहिल्यावर स्वतःला ख्रिस्ती म्हणवून घेण्याची लाज वाटते आणि त्यामुळे श्रद्धाच संपली, असे ज्या लेखनाला हा प्रतिसाद आहे त्यात म्हटले आहे. त्यातील लाजेचे म्हणणे मला पटते, मात्र श्रद्धा संपल्याचा निष्कर्ष मला मान्य नाही. बायबलमधील येशूच्या चरित्रांपैकी एक असलेल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय जवळजवळ संपूर्णपणे धार्मिक ढोंगावरच आहे, आणि तेथे ढोंगी माणसासाठी वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ रंगभूमीवरचा नट असा होतो. म्हणजे आपल्याला येणारी ही चीड येशूपासून दूर नेणारी नाही, ती त्याचीच आहे.

‘ख्रिस्ती’ हे नाव बायबलच्या संपूर्ण नव्या करारात केवळ 3 वेळा येते. उलट मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या प्रसंगी भुकेल्यांना अन्न दिले का, आजाऱ्यांची आणि बंदिवानांची भेट घेतली का, एवढेच पाहिले जाते, आणि ज्यांनी ते केले त्यांना आपण कोणाची सेवा केली हेही ठाऊक नसते. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा रविवारी मोठ्याने प्रार्थना करणारे बरेचजण निरोप पाठवून थांबले. रात्री जागायला आली ती उपासनेला येणे कधीच सोडून दिलेली एक शेजारीण, जी आईचे पाय चेपत असताना देवाचे नावही घेत नव्हती. त्या रात्रींनंतर मी मंडळी सोडली नाही, पण ‘तू ख्रिस्ती आहेस का’ या प्रश्नाला पूर्वीसारखे चटकन ‘होय’ म्हणणे मला अजून जमत नाही.