मदत हवी आहे: पेपर पाच महिने 'अंडर रिव्ह्यू'च

शेवाळ: जर्नलला संशोधनाचा पेपर पाठवून पाच महिने झाले, स्टेटस अजून 'अंडर रिव्ह्यू'च, म्हणजे तज्ज्ञांकडे तपासणीला. संपादकांना मेल टाकला तर चिडून रिजेक्ट करतील का? दुसरीकडे पाठवला तर चालेल? लवकर सांगा, पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधनपदाच्या) अर्जाची मुदत जवळ आलीय.

घाटवाट: विषय कुठला? आधी काही स्टेटस बदललं होतं का?

पाटीपेन्सिल: यूजीसीने २०२२च्या नियमांत पीएचडीसाठी पेपरची सक्ती काढलीय. काळजी नको.

शेवाळ: पीएचडी झालीय हो माझी. विषय भूजल, यवतमाळच्या बोअरवेलमधला फ्लोराइड.

जुनाखडू: सरळ मागे घ्या आणि दुसरीकडे पाठवा. मी तेच केलं, तीन महिन्यांत स्वीकारला गेला.

घाटवाट: नका घेऊ! एखादा रिव्ह्यू आला असेल तर तोही वाया जाईल. मागे न घेता दुसरीकडे पाठवणं तर अजिबात नको, दोन्हीकडून बाद व्हाल. मी स्वतः रिव्ह्यू करते. फुकटचं काम, रात्री जेवणं उरकल्यावर बसायचं. बरेच जण नाहीच म्हणतात, मग संपादक नवीन माणूस शोधतात. पाच महिन्यांनी नम्रपणे विचारलं तर कोणी चिडत नाही.

जुनाखडू: म्हणून लेखकाने ताटकळायचं? १९३६ साली 'फिजिकल रिव्ह्यू' या जर्नलने पेपर परीक्षकाकडे धाडला, तर आइनस्टाइनने मागेच घेतला होता.

काजवा: पण बरोबर परीक्षकच निघाला! गुरुत्वीय लहरी नसतात असा तो पेपर होता. चूक त्या परीक्षकाने, म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्टसनांनी दाखवली, दुसरीकडे छापताना निष्कर्ष बदलावा लागला.

घाटवाट: ते राहू दे. शेवाळ, स्टेटसपुढे तारीख कोणती दिसते?

शेवाळ: लॉगिन सरांचं आहे, कॉरस्पॉन्डिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारे लेखक) तेच. मला स्क्रीनशॉट पाठवतात. शेवटचा गणपतीत आला होता.

घाटवाट: अहो, हे आधी सांगायचं! जर्नलचा सगळा पत्रव्यवहार त्यांच्याच मेलवर जातो. आत्ता फोन करा, स्पॅमही बघायला सांगा.

शेवाळ: मेजर रिव्हिजनचं, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या मागणारं पत्र स्पॅममध्येच होतं. दुरुस्तीच्या ६० दिवसांतले २३ गेले. हातपाय गळालेत. दुसऱ्या रिव्ह्यूअरने पावसाळ्यानंतरचे नमुने मागितलेत, माझे सगळे गेल्या वर्षीच्या मे महिन्यातले.

जुनाखडू: नमुने कशाला? अभ्यासाची मर्यादा म्हणून एक परिच्छेद लिहा, झालं.

घाटवाट: पावसाने पाणी भरलं की फ्लोराइडचं प्रमाण बदलतं, त्याने रास्तच विचारलंय. ऑक्टोबर चालू आहे. त्याच बोअरवेलवर जा, वर्ष वेगळं असल्याचं उत्तरात स्पष्ट लिहा. सरांना आजच मुदतवाढ मागायला सांगा, बहुतेक वेळा मिळते.

शेवाळ: बाटल्या धुवायला घेतल्यात. परवा निघते.