मदत हवी आहे: कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटची स्पर्धा आणि शेवटच्या दोन तासांत हलणारा आकडा

थापी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढते आहे. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, मग चार वर्षं साइटवर बिलिंग आणि क्वांटिटीचं काम केलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत आले आणि आता इथल्या एका विद्यापीठात कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचं बॅचलर्स करते आहे. वर्गातली बाकीची मुलं विशीची. मला अजून कुणी आजी म्हणत नाही, एवढंच.

फेब्रुवारीत नेवाडात रेनोजवळ असोसिएटेड स्कूल्स ऑफ कन्स्ट्रक्शनच्या (बांधकाम शिकवणाऱ्या कॉलेजांची संघटना) रीजन ६ आणि ७ ची विद्यार्थी स्पर्धा असते, तिथे आमची टीम जाणार आहे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सकाळी सकाळी प्रॉब्लेम हातात पडतो. नकाशे, स्पेसिफिकेशन, कामाच्या अटी. देणारी कंपनी खरीखुरी कॉन्ट्रॅक्टर असते आणि कागदही बहुधा तिनं स्वतः केलेल्या कामाचे. रात्रीपर्यंत एस्टिमेट, शेड्यूल, साइट लॉजिस्टिक्स, सेफ्टी आणि या सगळ्याची गोष्ट सांगणारं नॅरेटिव्ह असं पूर्ण प्रपोजल जमा करायचं. मग त्याच कंपनीच्या माणसांपुढे उभं राहून ते विकायचं. दिवसभरात मधेच कागदांत बदल सांगणारं एखादं अ‍ॅडेंडम येतं, सब-कॉन्ट्रॅक्टरची कोटेशनं येतात. थोडक्यात, तीन आठवड्यांचं टेंडर एका दिवसात.

टीममध्ये आम्ही सहा जण. एस्टिमेट माझ्याकडे आहे.

आता रडगाणं. मागच्या महिन्यात कोचनी एक जुना प्रॉब्लेम देऊन मॉक, म्हणजे सराव फेरी, घेतला. दुमजली इमारत होती, तळमजल्याचा स्लॅब १२० बाय ९० फूट, जाडी ५ इंच. माझं डोकं अजून ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) चालतं: ४५ ब्रास. इथल्या हिशोबात १६७ क्युबिक यार्ड, वेस्टेज सोडून. दुपारी चारला अ‍ॅडेंडम आलं, जाडी ६ इंच करा. मी लगेच ५४ ब्रास, म्हणजे २०० यार्ड करून टाकले आणि पुढे गेले. लॉजिस्टिक्सवाल्या मुलानं त्याच्या पानावर कॉंक्रीटच्या गाड्या मात्र सकाळीच मोजून ठेवल्या होत्या. दहा यार्डांची एक गाडी, १७ गाड्या. त्या १७ च राहिल्या. मी त्याला सांगितलंच नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर धागा काढला नसता. रात्री नऊला शेड्यूलवाली म्हणाली, स्टील उशिरा येतंय, ३८ आठवड्यांचे ४२ झाले. हे ती कॅप्टनला म्हणाली. माझ्या जनरल कंडिशन्सच्या शीटमध्ये ३८ तसेच. आठवड्याला १८,००० डॉलर धरले होते आम्ही (साइट ऑफिस, सुपरिटेंडंट, कुंपण, तात्पुरती वीज वगैरे), म्हणजे ७२,००० डॉलर हवेत. पावणेदहाला इलेक्ट्रिकलचं एक नवं, सगळ्यात कमी कोटेशन आलं. कॅप्टन म्हणाला, घे. मी घेतलं. त्यात फायर अलार्म नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रेझेंटेशनमध्ये कोचनी पहिलाच प्रश्न विचारला, "काम किती आठवड्यांचं?" तीन तोंडं एकदम उघडली आणि दोन उत्तरं बाहेर आली. मला हसू आलं. बाकी कुणालाच आलं नाही.

तर प्रश्न असा, की आकडा नक्की कधी गोठवायचा? तो गोठवला तरी सहा जणांच्या सहा लॅपटॉपवर एकच कसा ठेवायचा? आणि तिसरं जरा नाजूक आहे. कॅप्टन वीस वर्षांचा, हुशार, उत्साही पोरगा आहे, पण शेवटच्या मिनिटापर्यंत "अजून एक बदल करू" म्हणतो. त्याला नाही कसं म्हणायचं? साइटवर मुकादमाशी वाद घालणं मला यापेक्षा सोपं जायचं.

सिमेंटची_गोणी

शेड्यूल कशात करता? प्रिमावेरात की एमएस प्रोजेक्टमध्ये? प्रिमावेरा शिकून घ्या, पुढे नोकरीत उपयोग होतो.

थापी

एमएस प्रोजेक्ट. प्रिमावेरा येतं, पण टीममध्ये दोघांनाच, म्हणून नको म्हटलं. आणि दादा, आमची गाडी सॉफ्टवेअरवर अडलेली नाहीये हो.

ओळंबा

थापीताई, मी इकडेच एका जनरल कॉन्ट्रॅक्टरकडे एस्टिमेटिंगमध्ये आहे आणि अशा स्पर्धांना दोन-तीनदा परीक्षकांच्या बाजूनं बसलो आहे. तुमचा मॉक वाचून हसू आलं कारण खऱ्या बिडच्या (टेंडरच्या) दिवशी आमच्याकडेही हेच होतं. फक्त आमचे ७२,००० खरे असतात.

परीक्षक म्हणून सांगतो, तुमचा आकडा आमच्या आकड्याच्या किती जवळ आहे हे आम्ही बघतो, पण त्याआधी तुमची पानं एकमेकांशी बोलतात का ते बघतो. एस्टिमेट, शेड्यूल आणि नॅरेटिव्ह घेऊन एक आठवड्यांचा आकडा, एक कॉंक्रीटचा आकडा आणि क्रेनचे दिवस एवढंच ताडून पाहिलं तरी टीम कळते. क्रेन एस्टिमेटमध्ये तीन आठवडे भाड्यानं आणि शेड्यूलमध्ये स्टीलचं काम पाच आठवडे, हे तर दर वर्षी कुणीतरी करतंच.

उपाय साधा आहे. भिंतीवर एक मोठा कागद. त्यावर दहा-बारा ओळी: काम सुरू, काम पूर्ण, एकूण आठवडे, क्षेत्रफळ, स्लॅबची जाडी, एकूण कॉंक्रीट, क्रेन कधीपासून कधीपर्यंत, आलेली अ‍ॅडेंडा, एकूण किंमत. पेन एकाच माणसाकडे. बाकी कुणीही आकडा कुठूनही घ्यायचा नाही, मेसेजमधून नाही, आठवणीतून तर नाहीच. कागदावरून घ्यायचा. बदल झाला की जुना आकडा खोडायचा, पुसायचा नाही, शेजारी वेळ लिहायची आणि खोलीत मोठ्यानं ओरडून सांगायचं. ओरडणं महत्त्वाचं. तुमच्या ५४ ब्रासना आवाज नव्हता, म्हणून गाड्या १७ राहिल्या.

जनरल कंडिशन्सच्या शीटमध्ये ३८ हा आकडा कितीदा टाइप केलाय ते बघा. माझी पैज, सुपरिटेंडंटच्या ओळीत एकदा, ट्रेलरच्या ओळीत एकदा, टॉयलेटच्या ओळीत एकदा. तो एकाच खान्यात असू द्या आणि बाकी सगळ्या ओळी त्या खान्याला जोडा. मग ४२ करायला तीन सेकंद लागतील.

कोटेशनबद्दल. पहिल्या तीन तासांत प्रत्येक ट्रेडसमोर (इलेक्ट्रिकल, रूफिंग वगैरे) प्लग टाका, म्हणजे अंदाजी रक्कम, चुकीची का असेना. दुपारी बारापासून तुमच्याकडे कायम एक पूर्ण किंमत असली पाहिजे. कोटेशन आलं की प्लग काढून ते बसवायचं. पण आधी स्कोप शीट, म्हणजे कुणी कोणती कामं धरली त्याचा तक्ता: उभ्या रकान्यात सब-कॉन्ट्रॅक्टर, आडव्या ओळीत कामं, आणि बरोबरच्या खुणा. समजा एकानं ८,४०,००० दिले, फायर अलार्म वगळून. दुसऱ्यानं सगळं धरून ९,०५,०००. तिसऱ्यानं फायर अलार्म वेगळा दाखवलाय, ८५,०००. पहिल्यात तो मिळवला की ९,२५,००० होतात. सगळ्यात स्वस्त दिसणारा गडी २०,००० नं महाग पडला. हे गणित पावणेदहालासुद्धा दोन मिनिटांत होतं, शीट आधी तयार असेल तर.

गोठवायचं तर एकदम सगळं गोठवू नका. आमच्याकडे क्वांटिटी आधी बंद होतात. मग शेड्यूलचा कालावधी, जमा करायच्या निदान अडीच तास आधी, कारण त्यावर बाकी सगळं टांगलेलं असतं. किंमत शेवटी, पाऊण तास आधी. त्यानंतर जे येईल ते वरच्या शीटमध्ये घुसवायचं नाही, तळाशी एक अधिक-उण्याची ओळ ठेवायची आणि तिथे ठोक रक्कम टाकायची. खऱ्या बिडमध्येही असंच करतात. परीक्षकांना ती ओळ बघून उलट बरं वाटतं, हे लोक आपल्यातले आहेत म्हणून.

रात्रपाळी

ओळंबा यांचं सगळं मान्य, एक सोडून. पाऊण तास कमी आहे. मी विद्यार्थी म्हणून ही स्पर्धा केली आहे आणि आमचा घात आकड्यानं केला नाही, पीडीएफनं केला. सहा जणांच्या सहा फाइली एकत्र करायच्या, पान क्रमांक घालायचे, अनुक्रमणिका जुळवायची, त्यात कुणाचं तरी पान आडवं निघतं, कुणाच्या फॉंटचे चौकोन होतात. आम्ही सव्वा तास धरला होता, तोही पुरला नाही. जुळवणीचं काम एकाच माणसाला द्या आणि त्याला दुपारीच रिकाम्या पानांचं पूर्ण प्रपोजल बांधायला लावा. मग रात्री फक्त पानं बदलायची.

प्रेझेंटेशनचं म्हणाल तर प्रश्न ज्याच्या विषयाचा, उत्तर त्यानंच द्यायचं, बाकीच्यांनी गप्प. "मी जरा भर घालतो" हे वाक्य टीममध्ये बंदच करा. आमच्या एकानं भर घालता घालता आमचंच सेफ्टीचं पान खोडून काढलं होतं.

आणि थोडं झोपा. दोन तास तरी.

थापी

@ओळंबा, ३८ चार ठिकाणी टाइप केला होता. पैज जिंकलात.

@रात्रपाळी, जमा केल्यानंतर चूक सापडली तर काय करायचं? गप्प बसायचं?

ओळंबा

मुळीच नाही. परीक्षकाला ती बहुतेक आधीच दिसलेली असते, तो तुम्ही काय करता ते बघत असतो. सरळ सांगा: अमुक चूक रात्री सापडली, त्यानं किंमत इतक्यानं वाढते, आणि आम्ही ती अशी सांभाळू. तीन वाक्यं. माफीनामा नको.

रात्रपाळी, सव्वा तासाचं मान्य.

वीटभट्टी

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही म्हणून लिहितेय. ताई, कॅप्टनला नाही म्हणूच नका. त्याला तो भिंतीवरचा कागद सकाळीच त्याच्याच हातानं बनवायला लावा, वेळासकट. रात्री तो बदल घेऊन आला की कागदाकडे बोट दाखवायचं. नियम त्याचा, अक्षर त्याचं, तुम्ही नुसत्या वाचून दाखवणाऱ्या. मी दोन मुलं वाढवली आहेत, हे तंत्र तिथेही चालतं.

नुसता_वाचक

माझी भाची इंग्लंडमध्ये याच विषयात आहे. तिकडच्यांसाठी असं काही असतं का?

ओळंबा

चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ बिल्डिंगचं ग्लोबल स्टुडंट चॅलेंज आहे, त्यात टीमनं कॉम्प्युटर सिम्युलेशनवर एक बांधकाम कंपनी चालवायची असते. अमेरिकेत घरबांधणीकडे ओढा असेल तर होम बिल्डर्सच्या राष्ट्रीय संघटनेची वेगळी स्पर्धा आहे, तिथे प्रपोजल आधी पाठवायचं आणि इंटरनॅशनल बिल्डर्स शोमध्ये मांडायचं. त्यात जागरण कमी, पण मग "वेळ नव्हता" ही सबबही मिळत नाही.

थापी

काल दुसरा मॉक झाला, म्हणून अपडेट.

कागद कॅप्टनकडूनच लिहून घेतला (वीटभट्टीताई, तुम्हाला साष्टांग). पेन माझ्याकडे. दुपारी एका सब-कॉन्ट्रॅक्टरचा स्कोप बदलला तेव्हा मी खोलीत ओरडले, आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या वर्गातून माणूस बघायला आला. रात्री साडेनऊला साहेब रूफिंगचं नवं कोटेशन घेऊन आलेच. मी काही बोलले नाही, कागदाकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं. मग स्वतःच म्हणाला, "तळाच्या ओळीत टाक." टाकलं.

आठवडे सगळीकडे ४०. गाड्या बरोबर. पीडीएफ वीस मिनिटं आधी तयार, आडवं पान एकच निघालं आणि ते माझंच.

पण कोचनी लॉजिस्टिक्सच्या नकाशावर बोट ठेवलं. क्रेन जिथे उभी केली होती, तिथे रस्त्याच्या कडेनं विजेच्या तारा जातात. सर्व्हेच्या पानावर त्या स्पष्ट होत्या, आम्ही ते पान उघडलंच नव्हतं. यासाठी किती अंतर सोडायचं?

ओळंबा

क्रेनचा कुठलाही भाग किंवा उचललेला माल तारेच्या २० फुटांच्या आत जाऊ शकत असेल, तर ओशाच्या (अमेरिकेची कामगार-सुरक्षा संस्था) नियमाप्रमाणे आधी त्याचं नियोजन करावं लागतं. ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान १० फूट, व्होल्टेज वाढेल तसं अंतर वाढतं. बूमचा (क्रेनच्या लांब हाताचा) पूर्ण घेर नकाशावर वर्तुळ काढून दाखवा आणि तारा लाल रंगानं. आणि क्रेनची जागा भिंतीवरच्या कागदावर लिहा, तेरावी ओळ.