मदत हवी आहे: पाचवा महिना, घरात तीन लहान मुलं, नवरा रात्री कामावर

जुळ्यांची_आई, घणसोली

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मला पाचवा महिना चालू आहे. मोठी मुलगी पहिलीत, तिच्या पाठीवर जुळे मुलगे, अडीच वर्षांचे. जुळ्यांच्या वेळी सिझर झालं होतं. मिस्टर एपीएमसीत भाजी मार्केटला आहेत. रात्री दीडला घर सोडतात, गाड्या खाली होऊन हिशेब होईपर्यंत दुपार होते. सासूबाई गावी, पाटणला. गुडघ्यांमुळे त्यांना जिने झेपत नाहीत आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझी आई आता नाही.

बाकी दिवस कसाही निभावते. अडतं ते सकाळी. शाळा नऊची. मुलीला सोडायचं म्हणजे दोघांना उठवून, आवरून खाली न्यायचं. एक चालतो, दुसरा पहिल्याच पायरीवर हात वर करून उभा राहतो. कडेवर घेतलं की ओटीपोटात ओढ बसते. शेजारच्या काकू म्हणतात, झोपू दे त्यांना, कुलूप लावून दहा मिनिटांत जाऊन ये. ते मी करणार नाही. गॅस, खिडकी, बाथरूममधली भरलेली बादली, सगळं डोळ्यांपुढे येतं.

त्यात एचबी ९.२ आलंय. लोहाच्या गोळीने मळमळतं, म्हणून मध्ये मध्ये राहून जाते. आणि मुलगी हल्ली न सांगता भावांना दूध देते, चड्ड्या बदलते. लोक म्हणतात शहाणी आहे. मला मात्र पोटात तुटतं. तिला खेळताना पाहून किती दिवस झाले.

ज्यांनी लहान मुलं सांभाळत असे दिवस काढलेत त्यांनी सांगा, सकाळ कशी बसवू? आणि "आधीच तीन आहेत, मग कशाला" हे कृपया नको. आम्ही दोघांनी ठरवून हे बाळ ठेवलंय.

कोपरखैरणेकर_ताई

अगं, आधी मुलीचं शाळेत जाणं तुझ्यापासून सोडव. तिच्याच शाळेत जाणारं एखादं मूल तुझ्या बिल्डिंगमध्ये किंवा समोरच्या गल्लीत असणारच. त्या आईला स्पष्ट विचार, माझ्या लेकीलाही नेशील का. संकोच करू नकोस. बदल्यात दुपारी तिचं मूल तासभर तुझ्याकडे अभ्यासाला बसू दे. मी दुसऱ्या वेळी हेच केलं, आमचं येणंजाणं अजून आहे. नाहीच जमलं तर व्हॅनवाल्या काकांना विचार. पैसे जातात, पण या महिन्यांत तेवढा खर्च कर.

जिन्यावर दोघांना बसून, पार्श्वभाग टेकवत एकेक पायरी उतरायला शिकव. उतरताना तू त्यांच्या खालच्या बाजूला, चढतानाही खालीच, आणि तुझा एक हात कठड्यावर. वेळ लागतो, पण अडीच वर्षांच्या मुलांना तो खेळच वाटतो. कडेवर येण्याचा हट्ट झालाच तर वाकून उचलू नकोस. तू पायरीवर बस आणि त्याला मांडीवर चढू दे. बहुतेक वेळा त्याला उचलून नको असतं, जवळ घ्यायला हवं असतं.

सिस्टर_ऐरोली

मी बरीच वर्षं प्रसूती विभागात काम केलंय, म्हणून तब्येतीचं बोलते. गरोदरपणात एचबी ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ९.२ वर गोळी राहून चालणार नाही. मळमळत असेल तर रात्री झोपताना घे, लिंबूपाण्याबरोबर. चहा आणि गोळी यांत निदान तासा-दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियमची गोळीही तिच्याबरोबर नको, ती जेवणानंतर वेगळ्या वेळी. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. महिन्याभरात एचबी निदान एकाने वाढलं नाही तर डॉक्टरांना सांग, शिरेतून लोह देता येतं.

ओटीपोटातली ओढ उचलल्यावर येते आणि बसलं की जाते, असं आहे का? तरी सिझरचा टाका आहे, तेव्हा पुढच्या तपासणीला हे नक्की सांग. टाक्याच्या जागी सतत दुखणं, रक्त किंवा पाणी जाणं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, चेहऱ्यावर सूज, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर घरचं सगळं टाकून लगेच दवाखाना गाठ.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, सगळं मोफत. अंगणवाडीत नाव घाल, तुला आणि जुळ्यांना घरी न्यायचा आहार मिळेल. तीन पूर्ण झाले की दोघं अंगणवाडीत बसू शकतील, म्हणजे सकाळचे काही तास तुझे.

जुळ्यांची_आई

ताई, सिस्टर, वाचून रडू आलं. हो, बसलं की ओढ जाते. दुसऱ्या मजल्यावर मुलीच्याच वर्गातली एक मुलगी आहे, तिच्या आईशी आज बोलते.

एक मनात होतं ते लिहायचं राहिलं. कळा रात्री सुरू झाल्या आणि मिस्टर मार्केटमध्ये असले तर? मार्केटच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. तिघं झोपलेली. या विचाराने झोप उडते.

ठाणेकर_बाबा

वहिनी, मीही रात्रपाळीवाला, वागळे इस्टेटला. आमच्या धाकट्याच्या वेळी हाच प्रश्न होता. सेठ असोत की मुकादम, दादांनी त्यांना आत्ताच सांगून ठेवावं की शेवटचा महिना दिवसाचं काम हवंय. नाही जमलं तर बरोबरच्या दोघांचे नंबर तुमच्याकडे असू द्या.

आणि दुपारी दादा झोपतात तेव्हा तुम्हीही जुळ्यांबरोबर आडव्या व्हा, भांडी पडू द्या. संध्याकाळी दोन तास तिघांना घेऊन खाली उतरायचं काम बापाचं. मुलीला बॅडमिंटन खेळायला तेव्हाच मिळेल. रात्री जागणाऱ्याला झोप हवीच, पण पोटात बाळ असणारीलाही हवी.

सिस्टर_ऐरोली

सिझर आधी झालंय, म्हणून कळा सुरू झाल्यावर वाट बघत घरी थांबायचं नाही. आधीची फाइल, ब्लड ग्रुप, आधार कार्ड एका पिशवीत, सातव्या महिन्यापासून दाराजवळ. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. घराची एक किल्ली दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंकडे दे. मुलांना त्यांच्याकडे आधी दोन-चार वेळा झोपव, म्हणजे मध्यरात्री उठली तरी ओळखीचं घर असेल.

मिस्टरांना एकदा तपासणीला घेऊन ये. पुढच्या नियोजनाचंही बाळंतपणाआधीच बोलून ठेवा. तांबी, म्हणजे कॉपर-टी, बाळंत झाल्यावर लगेच बसवता येते. पुरुष नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी, टाकेही लागत नाहीत. इतकी ओझी बाईनेच का उचलायची?

आणि रडू आलं म्हणालीस. रोजच येत असेल, कशातच मन लागत नसेल तर तेही तपासणीत सांग. १४४१६ या मनाच्या आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केलास तर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. एचबीचा पुढचा रिपोर्ट आला की इथे लिही, मी बघेन.