मॅचमधला पुठ्ठा

ए-१०३: नमस्कार. शाळेचं मैदान लग्नाला देत्यात म्हणून काल शाळांच्या फुटबॉल मॅचला आमच्या नववीतल्या पोरानं 'आमचं मैदान लग्नाला का?' असं पुठ्ठ्यावर लिहून धरलं. सरांनी पुठ्ठा ओढून घेतला. उद्या आम्हाला बोलावलंय, टीममधनं काढणार म्हणायलेत.

सी-४०१ आजोबा: पोरांनी खेळावं. बोर्ड धरायला काय निवडणूक हाय? कोल्हापुरात पेठापेठांच्या मॅचला शाहू स्टेडियमवर एका घोषणेवरनं कशी जुंपत्या ते बघितलंय आम्ही.

बी-२०२: आजोबा, तिथं आयमाय काढत्यात. ह्यात शिवी कुठं हाय? प्रश्न हाय नुसता.

सेक्रेटरी: उद्या पाणी साडेसहालाच जाणार. भरून ठेवा.

बी-३०४ वकील वहिनी: आत्ता कोर्टातनं आले. केरळात १९८५ ला तीन भावंडांना शाळेतनं काढलं होतं. राष्ट्रगीताला उभी राहायची, पण गायची नाहीत. त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. सुप्रीम कोर्टानं १९८६ ला परत घ्यायला लावलं. नुसत्या शिक्षण खात्याच्या परिपत्रकावर कलम १९ चा, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्याचा, हक्क काढता येत नाही, कायदा लागतो, असं म्हटलं. पण तिथं खात्याच्या अधिकाऱ्याच्या सांगण्यावरनं काढलं होतं. आपली शाळा खासगी, तिला हे थेट लावणं सोपं नाही.

बी-२०२: परदेशात काय करत्यात?

बी-३०४ वकील वहिनी: अमेरिकेत सरकारी शाळांना १९६९ पासनं साधारण असं की कामकाजात खरोखर मोठा गोंधळ होणार असेल तरच शाळेनं अडवायचं. २०२१ ला तिथं एका मुलीची केस गाजली. चीअरलीडिंगच्या वरच्या टीममध्ये निवड झाली नाही म्हणून तिनं स्नॅपचॅटवर शाळेला शिव्या घातल्या, शाळेनं वर्षभर चीअरलीडिंगच्या टीममधनं बाहेर बसवलं. कोर्टात ती जिंकली. पण तिनं ते सुट्टीच्या दिवशी, शाळेबाहेर केलं होतं. आपला मॅचमध्ये होता, शाळेच्या जर्सीत. उद्या सर तेच धरून बसणार.

ए-१०३: मग बोलू काय?

बी-३०४ वकील वहिनी: कायदा काढूच नका. मॅच थांबली का, कुणी भांडलं का, एवढंच विचारा. नाही म्हणाले तर शिक्षा कशाची, ते लेखी मागा. लेखी म्हटलं की आवाज खाली येतो, माझा अनुभव.

सी-४०१ आजोबा: व्हय, मैदानाचं पण विचारा. लग्नाचा मांडव उतरला की खिळे पडत्यात तिथं, नातू अनवाणी खेळतोय.

ए-१०३: विचारते. आजोबा, तुम्ही येता का संगं?

सी-४०१ आजोबा: येतो की. पुठ्ठा पण परत आणायचाय. माझ्या नव्या टीव्हीच्या खोक्याचा हाय, मीच कापून दिलाय त्याला.