जोडीदार कुठला, यावरून मुलं किती हे ठरतं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात एम.ए. करतेय, राहते डिचोलीला. प्रबंधासाठी वास्को, झुवारीनगर भागातली कर्नाटकातून आलेल्यांची दुसरी पिढी निवडली आहे. जन्म गोव्यातला, वय तिशीच्या आसपास. (शेजारी अजून 'भायले', म्हणजे बाहेरचेच म्हणतात, तो विषय वेगळा.)

युरोपातल्या तुर्की वंशाच्या दुसऱ्या पिढीवरच्या अभ्यासांत साधारण असं दिसतं की जोडीदार आईवडिलांच्या देशातून आणला, तर पहिलं मूल बऱ्याचदा लवकर होतं. जोडीदार स्थानिक असेल तर चाल स्थानिकांसारखी होत जाते. आपल्याकडे मात्र मूळचंच अंतर थोडं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा एकूण जननदर (एका बाईला सरासरी होणारी मुलं) 1.3, कर्नाटकाचा 1.7. दोन्ही दोनच्या खालीच! म्हणून मुलांच्या संख्येपेक्षा लग्नाचं वय आणि पहिल्या-दुसऱ्या मुलातलं अंतर विचारावं, असं मला वाटतं. चुकतेय का?

खरी अडचण पुढे आहे. गावाकडची सून आणणारं घर मुळातच वेगळ्या विचारांचं असू शकतं. मग परिणाम सुनेच्या गावाचा की त्या घराचा? हे वेगळं कसं काढायचं? आणि नवरा-बायको दोघंही वास्कोतच जन्मलेली, पण दोघांचे आईवडील बागलकोटचे, अशी जोडपी कुठल्या गटात धरू? मी तिसरा गट केलाय, पण मार्गदर्शक मॅडमना तो पटलेला नाही.

नमुना साठच जोडप्यांचा आहे. कोणी असं काम केलं असेल तर प्रश्नावली कशी मांडली होती ते सांगा. कन्नड बोलणारी एखादी मैत्रीण सोबत आली तर फारच बरं, माझं कन्नड 'ऊटा आयता' (जेवण झालं का) च्या पुढे जात नाही.